जुन्या पोकलेनवर सेन्सरचे तीन-चार बिघाडाचे कोड एकदम येतात. कोणता स्कॅनर घ्यावा?

स्कॅनर नंतर घ्या. आधी बरा मल्टिमीटर आणि तुमच्या मशीनच्या सिरियल नंबरला जुळणारा वायरिंग डायग्रॅम मिळवा. तुम्ही लिहिलंय की ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचं) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं) हे कोड एकाच वेळी येतात, लोडवर आरपीएम पडतो आणि विकणारा म्हणतो, ‘तिन्ही सेन्सर बदलून टाका.’ हे वाचून गप्प बसवेना. याच सल्ल्यावरून माझं एकाशी चांगलंच वाजलेलं आहे.

तीन सेन्सर ठरवून एका क्षणी मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं. म्हणजे ५ व्होल्टचा सप्लाय, सेन्सरची अर्थ, नाहीतर हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, एखादा तुकडा.

ओळखीच्या एका मालकाने लिलावातून मशीन घेतलं होतं. उभं असताना इंजिन एकदम गोड चालायचं. बकेट मातीत घालून बूम उचलला की मॉनिटरवर कोडांची रांग, आणि इंजिनाचा दम संपला. मी पोचलो तोवर तिन्ही सेन्सर नवे बसवून झाले होते. कोड तसेच. मग कंपनीचे साहेब आले (कंपनी कोणती ते सोडा), लॅपटॉप लावला, कोड पुसले, मशीन चालवलं, कोड परत आले. निकाल दिला, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. मी विचारलं, ‘साहेब, ५ व्होल्टची लाइन मोजली का?’ चारचौघांत उत्तर मिळालं, ‘आताची इंजिनं मीटरने बघत नाहीत, मिस्त्री.’

गंमत अशी की उत्तर त्यांच्याच लॅपटॉपवर होतं. साठवलेल्या प्रत्येक कोडासमोर तो किती तासांच्या रीडिंगवर आला ते दिसतं. तिन्ही कोडांची पहिली नोंद एकाच रीडिंगवर, आणि तिथेच चौथा कोड, सेन्सर सप्लाय लो. कमिन्सच्या बऱ्याच इंजिनांवर हा ३५२ असतो, कोमात्सुवर सीए३५२. सप्लायची दुसरी लाइन असेल तर १८७. हा चौथा कोड मालकाला कुणी सांगितलाच नव्हता. त्या नावाचा पार्ट दुकानात मिळत नाही ना!

मी मीटर ५ व्होल्टच्या वायरवर लावला आणि ऑपरेटरला बूम रिलीफवर (पूर्ण ताणून, हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत) धरायला सांगितलं. आकडा धाडकन खाली. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर तो काढल्यावर ५ व्होल्ट परत टिकले असते. सगळे काढले तरी लोडवर आकडा पडतच होता, म्हणजे सेन्सर निर्दोष. उरले हार्नेस आणि ईसीएम. बॅटरी तोडली, ईसीएमचा कप्लर (वायरींचा प्लग) काढला, मीटर बीपवर ठेवला (दोन टोकं जोडली गेली की वाजतो), एक टोक त्या वायरला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला. मग हार्नेस वीतभर वीतभर पुढे सरकत हाताने ओढत गेलो. सिलिंडर हेडच्या मागे मीटर वाजला. ईसीएम तर जोडलेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर आळ घ्यायला जागाच उरली नाही. तिथल्या क्लॅम्पचं रबर कधीच गळून गेलं होतं आणि ब्रॅकेटवर घासून वायरचं तांबं उघडं पडलं होतं. लोड आला की इंजिन माउंटवर थोडं कलायचं, तांबं लोखंडाला टेकायचं, ५ व्होल्ट अर्थ व्हायचे. जोड, वर हीट-श्रिंक, नवा क्लॅम्प. मागवलेला ईसीएम खोक्यातूनच परत गेला. साहेब म्हणाले, ‘हे तात्पुरतं आहे.’ मशीन अजून चालतंय, साहेब.

कोड कधीच पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. तुमचं मशीन जे१९३९ (अवजड मशीनच्या कॉम्प्युटरांची ठरलेली भाषा) पद्धतीने कोड दाखवत असेल तर पहिला आकडा एसपीएन, म्हणजे बिघाड कुठे (ऑइल प्रेशर १००, बूस्ट १०२, कूलंट टेंपरेचर ११०, रेल १५७) आणि दुसरा एफएमआय, म्हणजे बिघाड कसला. लोक पहिला वाचून दुकानात पळतात. खरा माल दुसऱ्यात असतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थ झालेलं, २ म्हणजे सिग्नल वेडावाकडा. दोन वायरींच्या कूलंट सेन्सरचा कप्लर काढा, ३ आला पाहिजे. कप्लरच्या दोन पिना जोडा, ४ आला पाहिजे. दोन्ही बरोबर आले तर वायर आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. एवढ्याला लॅपटॉप लागत नाही, मॉनिटरचा सर्व्हिस मेनू पुरतो.

जुन्या मशीनमध्ये आधीच्याचे उद्योगही निस्तरावे लागतात. सकाळी गार इंजिनावर चावी फिरवताच टेंपरेचर ‘नॉर्मल’ दिसत असेल आणि दिवसभर हलत नसेल, तर सेन्सरच्या जागी रेझिस्टर बसवलेला आहे असं समजा. हजारो तास चाललेल्या मशीनच्या लॉगमध्ये एकही कोड नसेल, तर विकण्याआधी पुसले असणार. २४ व्होल्टच्या मशीनवर रेडिओसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट घेतले असतील तर दोन बॅटऱ्या कधीच सारख्या राहत नाहीत आणि सेल्फ मारताना लो-व्होल्टेजचे भलतेच कोड पडतात.

हां, स्कॅनर. जे१९३९ वाचणारा कुठलाही साधा रीडर एसपीएन-एफएमआय दाखवेल. ९ पिनांचं सॉकेट काळं असेल तर डेटाचा वेग २५० के (किलोबिट प्रतिसेकंद), हिरवं असेल तर ५०० के, आणि काही कंपन्यांचं सॉकेटच वेगळं असतं. इंजेक्टर कोड (नव्या इंजेक्टरवर छापलेला नंबर) भरायला किंवा ईसीएम प्रोग्रॅम करायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, तिथे साहेबांना बोलवा. पण येताक्षणी विचारा, मीटर आणलाय का?

काही गोष्टी राहिल्या. ऑइल प्रेशरपुढे एफएमआय १ असेल तर सिग्नल ठीक आहे, प्रेशरच धोक्याइतकं कमी दिसतंय; वायरिंगकडे बघूच नका, इंजिन ताबडतोब बंद करा आणि मेकॅनिकल गेजने प्रेशर मोजा. मी वर बूम रिलीफवर धरायला लावला तो गेजने प्रेशर ठीक आहे हे पाहून. चालू इंजिनात इंजेक्टरच्या वायरींना हात नको, तिथे बॅटरीपेक्षा बराच जास्त व्होल्टेज असतो. ५ व्होल्टच्या लाइनवर टेस्ट लॅम्प लावू नका. मीटरचं टोक कप्लरच्या पिनेत कोंबू नका; पिन सैल झाली की नवाच फॉल्ट तयार. आणि ईसीएम कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही. पाणी शिरलं किंवा कप्लर न काढता वेल्डिंग केलं की जातो.

तुमच्या तिन्ही कोडांपुढचा एफएमआय प्रश्नात दिलेला नाही. तिन्हीकडे ४ असेल तर हेडच्या मागचा हार्नेस आधी बघा.