स्विच लिहिला म्हणजे फॅक्टरी मेथड झाली का?

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट पीडीएफ, एक्सेल नाहीतर सीएसव्हीमध्ये काढून द्यावे लागतात. मी रिपोर्टफॅक्टरी नावाचा क्लास केला, त्यात एक स्टॅटिक मेथड, आत स्विच, टाइप बघून त्या त्या एक्सपोर्टरचा ऑब्जेक्ट परत देते. पुल रिक्वेस्टमध्ये 'फॅक्टरी मेथड वापरली' असं लिहिलं तर सिनियरने कमेंट टाकली की ही फॅक्टरी मेथड नाहीच. मग आहे तरी काय हे? आणि आता सगळं बदलायचं का?

उत्तर: सिनियर बरोबर आहेत, पण तुमचा कोडही चुकीचा नाहीये, फक्त वरची पाटी चुकलीय. तुम्ही लिहिलंय त्याला सहसा सिंपल फॅक्टरी म्हणतात. १९९४ साली चार लेखकांचं डिझाइन पॅटर्न्सचं, म्हणजे कोड रचायच्या ठरलेल्या पद्धतींचं, पुस्तक आलं, तेच ते गँग ऑफ फोर, त्यातल्या २३ पॅटर्न्समध्ये हिचा नंबर नाही. फॅक्टरी मेथड आहे, ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी आहे, आणि तिघींचं आडनाव एकच असल्यासारखं झाल्यामुळे इंटरव्ह्यूत हमखास घोळ होतो.

फरक एवढाच की तुमच्याकडे कुठला ऑब्जेक्ट बनवायचा ते स्विच ठरवतो आणि फॅक्टरी मेथडमध्ये ते सबक्लास ठरवतो. म्हणजे ओव्हरराइड (पेरेंट क्लासची मेथड सबक्लासने आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिणं) हवंच, आणि जावामध्ये स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होतच नाही, तिथेच विषय संपला.

आता तुमचंच उदाहरण त्या पद्धतीने करून बघू. रिपोर्टजॉब नावाचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास धरा. त्यात 'चालव' ही मेथड आहे, ती डेटाबेसमधून ओळी आणते, तारखेप्रमाणे लावते, मग 'एक्सपोर्टर बनव' या दुसऱ्या मेथडला कॉल करते, जो एक्सपोर्टर हातात येईल त्याला एकेक ओळ देत जाते आणि शेवटी फाइल बंद करून लॉग टाकते. गंमत अशी की 'एक्सपोर्टर बनव'ला या क्लासमध्ये बॉडीच नाही, ती ॲबस्ट्रॅक्ट आहे. पीडीएफरिपोर्टजॉब येतो आणि तेवढी एकच मेथड भरतो, आत एक ओळ, न्यू करून पीडीएफएक्सपोर्टर परत द्यायचा. बाकी सगळं वरून आयतं मिळतं. पेरेंटला शेवटपर्यंत कळत नाही की आपण पीडीएफ लिहितोय का सीएसव्ही, त्याला फक्त एक्सपोर्टर हा इंटरफेस माहीत. उद्या चौथा फॉरमॅट आला तर 'चालव'ला हात लावायचा नाही, नवीन सबक्लास लिहायचा.

हे तुम्ही रोज वापरताय बरं का. जावामध्ये कलेक्शनवर फॉर-ईच लूप फिरवता तेव्हा आतून इटरेटर नावाची मेथड कॉल होते. अ‍ॅरेलिस्ट स्वतःचा इटरेटर देतो, लिंक्डलिस्ट स्वतःचा, हॅशसेट स्वतःचा, आणि तुमच्या लूपला त्यातल्या एकाच्याही क्लासचं नाव माहीत नसतं.

टेस्ट लिहितानाही याचा फार उपयोग होतो. टेस्टपुरता एक सबक्लास करायचा, 'एक्सपोर्टर बनव'मधून खोटा एक्सपोर्टर द्यायचा जो फाइल न बनवता आलेल्या ओळी नुसत्या लिस्टमध्ये साठवतो, झालं, डिस्कला हातही न लावता ओळींचा क्रम तपासता येतो.

पण बदलायचं का म्हणाल तर माझं मत, नको. प्रत्येक एक्सपोर्टरमागे एक जॉब, म्हणजे तीन फॉरमॅटला सहा क्लास, आणि त्या तीन जॉबमध्ये न्यूच्या एका ओळीशिवाय काहीच वेगळं नाही, तर हा उगाच पसारा आहे. त्यापेक्षा तुमच्या स्विचमधून एक्सपोर्टर घ्या आणि जॉबला कन्स्ट्रक्टरमधूनच द्या. जॉब स्वतःच वेगवेगळे व्हायला लागले, म्हणजे एकाला पानं मोजायचीत, एकाला हेडर नकोय, आणि सबक्लास तसेही लिहावेच लागतायत, तेव्हा फॅक्टरी मेथड आपसूक बसते. तोवर पुल रिक्वेस्टमधलं वाक्य तेवढं बदला.

प्रश्न: मी फॅक्टरी मेथड नीट ओव्हरराइड केली, पण रन केलं की सबक्लासमधला फील्ड नल येतो आणि नल पॉइंटर एक्सेप्शन. फील्डला तर तिथल्या तिथे व्हॅल्यू दिलेली आहे! दोन दिवस गेले यात.

उत्तर: कोड न बघता सांगतो, पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून फॅक्टरी मेथडला कॉल करताय. जावामध्ये आधी पेरेंटचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो आणि मग सबक्लासच्या फील्डना व्हॅल्यू मिळतात, पण मेथड मात्र सबक्लासचीच चालते, म्हणजे घर बांधून व्हायच्या आधीच राहायला गेल्यासारखं. सी प्लस प्लसमध्ये उलटं, तिथे पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड कॉल केली तर पेरेंटचीच चालते, तुमचं ओव्हरराइड बघितलंही जात नाही. उपाय दोन्हीकडे एकच: कन्स्ट्रक्टरमधून तो कॉल काढा आणि ऑब्जेक्ट पहिल्यांदा लागेल तेव्हा बनवा, एक गेटर ठेवा जो नल असेल तर फॅक्टरी मेथड बोलावतो आणि मिळालेलं साठवून ठेवतो. फक्त दोन थ्रेड एकदम त्या गेटरवर येणार असतील तर लॉकचं बघा, नाहीतर दोन ऑब्जेक्ट बनतील.

प्रश्न: पायथॉनमध्ये हे सगळं लागतं का?

उत्तर: क्वचित. पायथॉनमध्ये क्लास हीच एक व्हॅल्यू आहे, फंक्शनला पाठवता येते, डिक्शनरीत ठेवता येते. फॉरमॅटचं नाव की म्हणून आणि एक्सपोर्टरचा क्लास व्हॅल्यू म्हणून ठेवा, काढा, पुढे कंस लावा, ऑब्जेक्ट तयार. जावामध्येही २०१४ मध्ये जावा ८ बरोबर लॅम्डा (नाव न देता लिहिलेलं छोटं फंक्शन) आल्यापासून सप्लायर, म्हणजे मागितल्यावर ऑब्जेक्ट देणारं फंक्शन, पाठवून बरचसं असंच करता येतं. ओव्हरराइड करायची मेथड पायथॉनमध्ये मी तेव्हाच ठेवतो जेव्हा फ्रेमवर्क माझं असतं आणि सबक्लास दुसरं कोणीतरी लिहिणार असतं.