वाचकांचे प्रश्न : सर स्वतः पडतात का?

मुलांसाठी ज्युदोचा क्लास कसा पारखावा यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. गंमत म्हणजे खेळाबद्दल कुणी फारसं विचारलेलंच नाही. सगळ्यांचं डोकं शिकवणाऱ्यांपाशी अडलंय. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे उत्तरं माझ्या मॅटवरची आहेत.

"माझी नऊ वर्षांची मुलगी तीन महिने ज्युदोला जातेय. अजून नुसतं पडायलाच शिकवतात. शेजारच्या मुलाला दुसऱ्या क्लासात तेवढ्याच दिवसांत सहा डाव आले. शिवाय आमच्या सरांचा काळा पट्टा झिजून पांढरा पडलाय. सर खरे आहेत ना?" – एक आई, कराड

ताई, पट्ट्याचं आधी संपवते. बहुतेक काळ्या पट्ट्यांच्या आत पांढरा सुती गाभा असतो. रोज गाठ बसते तिथलं काळं कापड घासून निघतं आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. कडक इस्त्रीचा कोरा पट्टा दिसला की उलट मीच जरा जास्त चौकशी करते.

आता पडण्याचं. त्याला उकेमी म्हणतात आणि तुमचे सर तीन महिने तेच घेताहेत म्हणजे त्यांना घाई नाही. जपानच्या शाळांमध्ये 1983 पासूनच्या साधारण तीस वर्षांत ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता आणि त्यांत नुकतीच सुरुवात केलेली मुलं पुष्कळ होती. ओसोतो गारी म्हणून एक डाव आहे. समोरच्याला मागे झुकवून त्याचा पाय मागून झाडायचा. तो सरळ पाठीवर जातो. पडणाऱ्याला हनुवटी आवळता येत नसेल तर पाठीच्या मागोमाग डोकं आपटतं. शेजारच्या मुलाच्या सहा डावांत हा असेल, तर त्याला पडायला किती दिवस शिकवलं ते विचारून बघा.

आमच्याकडे लहान मुलांना मोज्याची गुंडाळी करून हनुवटीखाली धरायला लावतो. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. उकिडवं बसायचं, मागे लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात मॅटवर सपाट आपटायचे, तळवे खाली, अंगापासून दीडेक वीत लांब. मोजा निसटला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका पोराने मोजा दातांत धरला होता! हात आपटल्याचा आवाज ऐकूनच मला पाठ फिरवून कळतं, कोण नीट पडलं आणि कोण घाबरून कोपरावर गेलं.

खरी परीक्षा मात्र वेगळी आहे. एक दिवस मॅटच्या कडेला बसा (पालकांना बसू देत नसतील तर तिथेच विषय संपला) आणि बघा, सर स्वतः पडतात का. मी चौदा वर्षांची असताना आमच्याकडे मॅट नव्हती. लाकडाच्या भुशावर ताडपत्री ताणलेली, तिच्यावर आम्ही दोन मुली आणि बावीस मुलगे. आमचे सर ऐंशी किलोचे. मला ओ गोशी शिकवायचा होता, म्हणजे कमरेवर घेऊन टाकायचं. एकही मुलगा माझ्या हातून पडायला तयार होईना, तेव्हा सर स्वतः आले. मी त्यांच्या पाठीमागून हात घातला, कंबर वळवली आणि ते धाडकन ताडपत्रीवर. भुसा उडून सगळ्यांच्या नाकात. लागोपाठ दहा वेळा पडले. मला वाटलं, मी केवढी ताकदवान! मी शिकवायला लागले तेव्हा उमगलं की ते आपला तोल मला आयता देत होते, दर वेळी थोडा थोडा कमी. दहाव्या वेळेला मात्र मीच त्यांना टाकलं होतं.

कपाटातल्या ढाली बघू नका. त्या मुलांच्या असतात.

"फी सरांची घेतात आणि माझ्या मुलाला शिकवते सोळा वर्षांची एक मुलगी, तीही ब्राऊन बेल्ट, अजून काळा पट्टाही नाही. सर कोपऱ्यात उभे. ही फसवणूक नाही का?" – एक पालक, इचलकरंजी

दादा, तुमच्या गावात तालमी आहेत. तिथे नव्या पोराकडून पहिले जोर-बैठका वस्ताद स्वतः करून घेतात का? थोरला पैलवान घेतो आणि वस्ताद कट्ट्यावरून बघतात. पोराचा पाय कुठे चुकला ते कट्ट्यावरून जास्त दिसतं.

ज्युदोत हे पहिल्यापासून आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेवर कोदोकान, म्हणजे आपली ज्युदोशाळा, सुरू केलं तेव्हा ते स्वतः एकवीस वर्षांचे होते. पेशाने ते शिक्षकच. पुढे शिक्षक घडवणाऱ्या टोकियोतल्या मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले. 'जिता क्योएई' हे त्यांचं एक ब्रीद, मी आणि समोरचा दोघांनी मिळून वाढायचं. मॅटवर त्याचा साधा अर्थ असा की हिरव्या पट्ट्याने पिवळ्याला शिकवायचं, कारण शिकवताना हिरव्याचं अर्धवट कळलेलं उघडं पडतं. ब्राऊन बेल्टच्या मुलीला रोज वीस मिनिटं पांढऱ्या पट्ट्यांसोबत घालवायला लावली नाहीत, तर ती स्पर्धा जिंकेल, पण तिला डाव समजावून सांगता येणार नाही.

आमच्या क्लबात आम्ही पाच जण शिकवतो आणि पाचांतल्या एकाचंही पोट यावर चालत नाही. एक बँकेत कॅशियर, त्यामुळे मार्चएंडला तो गायब. एक एसटीत कंडक्टर आहे. ड्युटी लागेल तसा येतो, पण रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत, मुलं सगळ्यांत जास्त त्याच्याकडूनच शिकतात. एक शाळेतला पीटीचा शिक्षक. चौथा तालमीतून आलेला. समोरच्याच्या पायाला हात घालायची त्याची सवय मोडता मोडेना. ज्युदोत 2010 पासून थेट पाय धरायला बंदी आली आणि 2013 पासून ती आणखी कडक झाली, तेव्हा बिचाऱ्याचे निम्मे डाव बाद झाले. आता जमिनीवरची पकड मुलांना तोच शिकवतो, त्याच्याइतकी आम्हा कुणाला येत नाही. पाचवी मी. कॅशियरला समजावून सांगता येतं, कंडक्टरला करून दाखवता येतं. एकाच माणसाकडे दोन्ही असणं दुर्मीळ, म्हणून एकट्या सरांवर चालणाऱ्या क्लबची मला थोडी भीतीच वाटते.

तुमची शंका एका ठिकाणी रास्त आहे. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती वर्ग सोपवून सर चहाला गेले असतील तर भांडा. कोपऱ्यात उभे राहून बघत असतील तर भांडू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलेय. शिकवायला लागले त्याच वर्षी, स्पर्धा तोंडावर म्हणून, एका मुलाला नीट पडता येत नसताना मी त्याला झुंजीत उतरवलं. त्याने पडताना हात टेकला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या आईने मला एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागलं. त्या दिवशी कोपऱ्यात बघायला कुणीही नव्हतं.

"मी चोवीस वर्षांची, ब्लॅक बेल्ट. पाच वर्षं क्लबात लहान मुलांची बॅच घेते. मानधन नाही. पालक मला 'ताई' म्हणतात आणि 'सर कुठायत?' विचारतात. मुलांच्या बेल्टच्या प्रमाणपत्रावर माझं नावही नसतं. तक्रार केली तर कृतघ्न ठरेन का?" – लातूर

नाही गं. तू लिहिलंस ते वाचून मला माझीच 1990 ची वर्षं आठवली. एका क्लबात मी चार वर्षं बॅच घेतली आणि स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला तो 'उत्तम स्वयंसेविका' म्हणून. नारळ मिळाला. तो फोडला आणि खाल्ला, पण राग गेला नाही.

केइको फुकुदा यांचं नाव ऐकलं असशील. कानोंच्या शिष्यांपैकी शेवटपर्यंत हयात राहिलेल्या. उंची पाच फुटांच्याही आत. 1935 मध्ये त्यांनी सुरुवात केली. 1953 मध्ये पाचवा दान (काळ्या पट्ट्याची पाचवी पायरी) मिळाला आणि गाडी तिथेच थांबली, कारण बाईला त्यावरचा दान द्यायचाच नाही असा दंडक. एकोणीस वर्षं! 1972 मध्ये सहावा मिळाला. मधल्या काळात त्या अमेरिकेत गेल्या, सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिल्या आणि अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने 2011 मध्ये त्यांना दहावा दान दिला तेव्हा त्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या. लोक ही गोष्ट 'बघा, किती संयम' म्हणून सांगतात. मला ती ऐकली की त्या एकोणीस वर्षांचा हिशेब मागावासा वाटतो.

तर हिशेब माग. सरांशी एकांतात बोल, मुलांसमोर नाही. बॅचमध्ये किती मुलं, फी किती, आठवड्याचे तुझे तास किती, एवढं कागदावर लिहून ने. प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षक' म्हणून तुझं नाव आणि फीतला ठरलेला वाटा, या दोनच गोष्टी माग. दुसरं म्हणजे पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांचा कोर्स कर. वर्षाचा डिप्लोमा झेपणार नसेल तर सहा आठवड्यांचा आहे. काळ्या पट्ट्यावरून एवढंच कळतं की तुला ज्युदो येतो. शिकवता येतं की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. फ्रान्समध्ये पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर 1955 पासून सरकारी पदविका लागते. आपल्याकडे कुणी विचारत नाही, म्हणून तर ती हातात असलेली बरी.

आणि 'ताई'चं वाईट वाटून घेऊ नकोस. 'सर कुठायत' विचारलं की 'मीच आहे, बोला' म्हणायचं. मला हे वाक्य यायला सहा वर्षं लागली.

"अकरा वर्षांच्या मुलाला स्पर्धेआधी दोन किलो उतरवायला सांगितलंय. दोन दिवस पाणी कमी, रात्रीचं जेवण बंद. कोच म्हणतात सगळेच करतात." – एक वडील, सांगली

करू देऊ नका. वरच्या वजनगटात खेळवा, पहिल्या फेरीत हरला तरी चालेल. जपानने 2022 मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण हेच. कोच मुलांची वजनं उतरवत होते आणि पालक पंचांच्या अंगावर ओरडत होते. ज्युदो जन्मला त्या देशाने हे केलं, एवढं तुमच्या कोचना सांगा. तरी नाही ऐकलं तर क्लब बदला. आणि आज रात्री पोराला जेवायला वाढा.

"मुलीला सोडायला येते आणि तासभर कट्ट्यावर बसते. वय सत्तेचाळीस. मीही शिकू शकेन का?" – कोल्हापूर

बाई, तुम्ही आमच्याच कट्ट्यावर बसता असा माझा दाट संशय आहे. गुडघे-पाठीचं एकदा डॉक्टरांना विचारून घ्या आणि सोमवारी या. पहिले काही महिने कुणी तुम्हाला टाकणार नाही, नुसतं पडायचं. ड्रेस लगेच घेऊ नका, जुना सलवार-कुडता चालेल. बांगड्या आणि मंगळसूत्र घरी ठेवा, नखं कापा. मोजा मी देईन.