लांब घ्यावी की आखूड? नेमबाजीचे प्रश्न, वाचकांचे

प्रश्न: सर नमस्कार. मी मिरजेत बँकेत आहे, वय ४६. कॉलेजला एनसीसीत असताना पॉइंट टू टूची रायफल मारलेली, त्यानंतर संसार, बदल्या, हप्ते यात सगळं राहून गेलं आणि आता परत खाज सुटलीय. शेतावर जागा आहे. एअर रायफल घ्यायचीय, फक्त कागदावर मारायला, बाकी काही नाही. दुकानात दोन दाखवल्या, एक फुल लेंथ आणि एक कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, दोन्ही स्प्रिंगच्या, नळी मोडून म्हणजे खाली वाकवून भरायच्या, किमतीत फार फरक नाही. दुकानदार म्हणतो कार्बाइन घ्या, हलकी पडते, गाडीत बसते, पॉवर तेवढीच. मित्र म्हणतो लांब घे, लांब नळीतनं छर्रा जोरात जातो. कुणाचं ऐकू?

उत्तर: लांब घ्या. पण मित्र सांगतोय त्या कारणासाठी घेऊ नका, कारण त्या एका मुद्द्यावर दुकानदार बरोबर आहे आणि मित्र चुकतोय.

स्प्रिंगच्या रायफलीत काय होतं बघा, ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढं धावतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला एक रट्टा देते, संपलं. हवा तेवढीच, ती एकदाच मिळते. छर्रा जवळजवळ सगळा वेग नळीच्या पहिल्या सहा-आठ इंचातच घेतो, पुढची नळी वेग वाढवत नाही, उलट थोडं घासतंच. म्हणून आखूड आणि लांब दोन्ही मॉडेलात आतलं सिलिंडर, स्प्रिंग एकच असेल तर जोर सारखाच मिळणार. (पीसीपी म्हणजे टाकीत हवा भरून मारायच्या रायफली, त्यांचं वेगळं. तिथं हवा नळीभर छर्ऱ्याला ढकलत राहते, त्यामुळं आखूड नळीत तेवढाच जोर काढायला हवा जास्त जाते आणि आवाजही मोठा येतो. पण तुमचा प्रश्न तो नाही.)

मग लांब का, तर पहिलं कारण साइटमधलं अंतर. तुम्ही स्कोप लावणार असं कुठं लिहिलं नाहीये, म्हणजे उघड्या साइटवर मारणार, मागं खाच आणि पुढं माशी. माशी खाचेच्या बरोबर मध्ये बसली, दोन्ही बाजूला उजेडाची सारखी फट दिसली की नेम बसला. आता समजा माशी खाचेत अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकली, एवढं आपल्याला कळतसुद्धा नाही. दोन साइटमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर असेल, जे कार्बाइनवर असू शकतं, तर १० मीटरवर छर्रा साधारण १४ मिलिमीटर बाजूला लागतो. तेच अंतर ५० सेंटिमीटर असेल तर चूक तीच पण छर्रा १० मिलिमीटर सरकतो. चार मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटेल, पण १० मीटरच्या मॅच टार्गेटवर काळा गोल फक्त साडेतीस मिलिमीटरचा असतो आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्या कागदावर पहिली गोळी पाचात जाते आणि दुसरी जेमतेम सातच्या रेघेला टेकते. हात तोच, डोळा तोच, आणि मार्क दोन जास्त.

यावर कुणी म्हणेल की कंपन्या मग ऑलिंपिकच्या रायफलीला लांबलचक नळी का देत नाहीत. गंमत अशी की तिथंही हाच हिशोब आहे. फाइनवर्कबाउ, वॉल्थर यांच्या मॅच रायफलीत खरी आटे पाडलेली नळी साधारण ४२ सेंटिमीटरचीच असते, आणि तिच्यावर पुढं एक पोकळ नळकांडं चढवलेलं असतं, ज्याचं काम फक्त पुढची साइट लांब नेणं. म्हणजे छर्ऱ्याला आखूड नळी आणि डोळ्याला लांब रायफल. जोर पण किती, तर साडेसात ज्यूलच्या आसपास, छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जातो, आपल्याकडच्या बाजारातल्या बऱ्याच रायफली याच्या दुप्पट जोराच्या असतात. त्यामुळं दुकानात कुणी पॉवर पॉवर करायला लागला की दुसऱ्या कानानं सोडून द्यायचं.

दुसरं कारण तुमचं वय, राग मानू नका. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर होतं. नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला पाहिजे, खाच आणि टार्गेट थोडं धूसर चालतं. कार्बाइनवर माशी डोळ्याच्या जवळ येते, लांबवर ती अर्धी-पाऊण वीत पुढं जाते, तेवढ्यानं डोळ्याला खूप आराम पडतो. हे दुकानातच करून बघा, दोन्ही उचला, वाचायचा चष्मा काढा, रस्त्याकडं न धरता रिकाम्या भिंतीकडं धरा आणि कुठली माशी कडक दिसते ते ठरवा.

तिसरं, भरताना लागणारा जोर. नळी मोडून भरायच्या रायफलीत नळी हाच तुमचा दांडा, गाडीच्या जॅकला दांडा लांब असला की जसं हलकं जातं तसंच. स्प्रिंग तीच असेल आणि बिजागरीपासून हात धरायची जागा ४५ सेंटिमीटरऐवजी ३० वर आली तर दीडपट जोर लावायला लागतो. पहिले दहा छर्रे काही वाटत नाही, पन्नासनंतर हात थरथरायला लागतो आणि थरथरत्या हातानं मारलेला कागद कुणाला दाखवावासा वाटत नाही.

आणि चौथं म्हणजे नळीच्या तोंडाकडचं वजन. उभं राहून मारताना पुढं थोडं वजन असलं की रायफल चटकन इकडं तिकडं होत नाही, शांत राहते. एनसीसीत तुम्ही पाठ केलं असणार, डिलक्स रायफल, लांबी ४३ इंच, वजन ६ पौंड २ औंस, तो लांबीचा अंदाज तुमच्या खांद्याला अजून आठवत असेल.

कार्बाइनच्या बाजूनं बोलायचं तर एक मुद्दा लोक सांगतात तो खरा आहे, छर्रा आखूड नळीतनं लवकर बाहेर पडतो म्हणून हात हलायला वेळ कमी मिळतो. पण हिशोब करा, १० सेंटिमीटर नळी, सेकंदाला २०० मीटर वेग, म्हणजे वाचले ते सेकंदाच्या हजाराव्या भागाचे निम्मे. त्यापेक्षा ट्रिगर दाबल्यावर लगेच डोकं वर काढून कुठं लागलं ते बघायची सवय सोडलीत तर जास्त फायदा. स्प्रिंगची रायफल आधी मागं आणि मग पिस्टन आपटला की पुढं असा दुहेरी झटका देते, तिला घट्ट आवळायचं नाही, पुढच्या हाताच्या तळव्यावर नुसती ठेवायची आणि तिला हलायचं तेवढं हलू द्यायचं.

स्कोप लावणार असाल तर मात्र वरचा साइटचा आणि डोळ्यांचा मुद्दा गळून पडतो, मग कार्बाइन घेतली तरी माझी हरकत नाही. फक्त स्कोप एअर रायफलचाच घ्या, साधा स्कोप त्या उलट्या झटक्यानं सैल होतो आणि १० मीटरवर चित्रही धूसर दिसतं.

कायद्याचं थोडक्यात, पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणजे साडेचार मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर लायसन लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागेल तो द्यायचा, बिल जपून ठेवायचं. कॅलिबर किंवा जोर त्याच्या वर गेला की लायसन लागतं. आणि लायसन नाही म्हणजे खांद्याला अडकवून गणपती पेठेतनं फिरायचं असा अर्थ नाही, कव्हरमध्ये घालून, रिकामी करून न्यायची.

शेतावर टार्गेटच्या मागं काय आहे ते आधी बघा. ऊस उभा आहे म्हणजे मागं कुणी नाही असं धरू नका, पाणी पाजायला माणूस आत असतो. २० ज्यूलच्या जवळपासचा छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो. मातीचा बांध सगळ्यात बेस्ट, नाहीतर लाकडी खोकं जुन्या कपड्यांनी गच्च ठासून त्यामागं जाड प्लायवूड. सपाट लोखंडी पत्रा उभा करून मारू नका, छर्रा परत येतो. डोळ्याला संरक्षणाचा चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळं मारून झाल्यावर हात धुतल्याशिवाय भडंग खायचे नाहीत. कागदासाठी चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, सात-आठ ग्रेन वजनाचे, ते गोल भोक स्वच्छ कापतात आणि मार्क मोजताना घरात भांडणं होत नाहीत.

प्रश्न: आम्ही वाईत राहतो. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये मेडल मिळाल्यापासनं मुलीच्या डोक्यात शूटिंग बसलंय. ती तेरा वर्षांची आहे, अंगानं बारीक. ओळखीचे एक जण म्हणाले मुलीला कार्बाइन घ्या, लहान मुलांसाठी तीच असते. घेऊ का?

उत्तर: ताई, अजून काहीच घेऊ नका. आधी क्लबमध्ये जाऊन दोन-तीन महिने त्यांच्या रायफलीवर मारू दे. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आता शिकवणारी माणसं आहेत, आणि कोल्हापूर तर नेमबाजांचं गावच झालंय, तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती तिथलीच, आणि स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याचं ब्राँझ ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, ती पॉइंट टू टूची रायफल, तिला लायसन लागतं, तुमच्या मुलीची सुरुवात १० मीटर एअर रायफलनं होईल.

लहान मुलासाठी कार्बाइन ही समजूत खूप जणांची आहे. पण मुलाला त्रास होतो तो नळीच्या लांबीचा नाही, दस्त्याच्या म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाच्या लांबीचा. दस्ता लांब असला की मूल मागं झुकतं, मान वाकडी करतं, गाल नीट टेकत नाही आणि मग प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. तपासायची सोपी पद्धत, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खळग्यात ठेवा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच कार्बाइनमध्ये नळी आखूड करतात पण दस्ता मोठ्या माणसाचाच ठेवतात, मग काय उपयोग. वर भरायला जड, हे वर सांगितलंच, बारीक अंगाच्या मुलीला तर ते आणखी जाचेल आणि तिसऱ्या दिवशी रायफल कपाटावर जाईल.

मॅचच्या रायफलीत दस्ता, गालाची पट्टी सगळं मागंपुढं करता येतं, वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं पण तेवढं असलंच पाहिजे असं नाही, आणि हवा टाकीतनं येते म्हणून भरताना जोरच लागत नाही. महाग असते, म्हणून म्हणतोय आधी क्लब.

घरी कुणाची स्प्रिंगची रायफल हाताळायची वेळ आलीच तर एक गोष्ट तिच्याकडनं पक्की करून घ्या. नळी मोडलेली असताना, छर्रा बसवताना, दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची आणि ट्रिगरच्या जवळ बोट न्यायचं नाही. नळी तशीच सुटली तर फटकन वर येते, बोटं सापडतात. आणि छर्रा न घालता रिकामी मारायची नाही, स्प्रिंग आणि पिस्टनचं वाटोळं होतं.

प्रश्न: तासगाव भागात द्राक्षबाग आहे. पाखरं फार नुकसान करतात. लांब रायफल बरी की आखूड?

उत्तर: कुठलीच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, मोर आणि पोपट तर सोडाच, बाकीचीही बहुतेक पाखरं त्यात येतात, आणि एअर रायफलला लायसन नाही म्हणून शिकारीला सूट मिळत नाही. बागेवर जाळी टाका, चमकीच्या पट्ट्या लावा. शिवाय माल तयार झाल्यावर घडात शिशाचा छर्रा सापडला तर व्यापारी काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न: मी रिटायर्ड फौजी, अपशिंगे मिलिटरी. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की छंदासाठी कार्बाइन नको. आम्ही सर्व्हिसमध्ये कार्बाइन वापरलीय, एकदम भारी हत्यार. तुम्ही उगाच नावं ठेवताय. गावातल्या पोरांना भरतीच्या तयारीसाठी एअर रायफल आणायचीय, कार्बाइन का नको ते सांगा.

उत्तर: साहेब, आधी सलाम. तुम्ही म्हणता ती ९ एमएम कार्बाइन, कानपूरला बनायची ती, स्टर्लिंगच्या नमुन्याची. ती भारीच, पण तिचं काम वेगळं. तिची नळी जेमतेम ८ इंच, गोळी पिस्तुलाची, खोलीत, गाडीत, झाडीत जवळच्या जवळ भराभर मारायला. तिथं आखूडपणाच पाहिजे. पोरं कागदावर एकेक छर्रा मारणार, त्यांना जीपमधनं उतरायचं नाहीये.

आणि खऱ्या रायफलीतही आखूड करायची किंमत मोजायला लागतेच. थ्री नॉट थ्रीची नळी २५ इंचाची, तिचीच जंगल कार्बाइन काढली दुसऱ्या महायुद्धात, नळी १९ इंचाच्या आत, वजनाला हलकी, पण खांद्याला जास्त लाथ मारायची, तोंडाशी जाळ मोठा दिसायचा, आणि नेम एका जागी राहत नाही अशी तक्रार सैनिकांचीच होती. दारूगोळ्याच्या रायफलीत नळी लांब असली की गॅसला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तिथं लांबीनं वेगही वाढतो, पॉइंट टू टूला साधारण १६ इंचापर्यंत आणि मग पुढं फारसा नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलीत हे गणित नाही, ते मिरजेच्या साहेबांच्या उत्तरात आलंय.

पोरांसाठी लांबच घ्या, एक घ्या आणि सगळ्यांनी मिळून वापरा, झोपून आणि पोत्यावर टेकवून सुरुवात करा, आणि रायफल रात्री तुमच्या घरी कुलपात राहू दे, पोरांकडं नको. फक्त भरतीसाठी म्हणून आणत असाल तर तुम्हाला माहीतच आहे, तिथं फायरिंग विचारत नाहीत, तेव्हा आधी त्यांना १६०० मीटर पळवा आणि बीम काढायला लावा, रायफल रविवारी.