‘मान्सून वेडिंग’ या सिनेमातले कलाकार आणि पडद्यामागची मंडळी कोण होती? एवढा गोतावळा दिग्दर्शिकेने सांभाळला कसा?

नसीरुद्दीन शाह, लिलेट दुबे, शेफाली शाह ही नावं तुम्हाला ठाऊक असणारच, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता. म्हणून मी सुरुवात मांडववाल्यापासून करतो. आमचा पिढीजात धंदा मंडपाचा आहे, तेव्हा थोडा पक्षपात होणार हे धरून चाला.

दिल्लीतल्या पंजाबी वर्मा कुटुंबाच्या लग्नाचा मांडव घालतो तो पी. के. दुबे. हे काम विजय राजने केलंय. लोकांना तो ‘रन’ सिनेमातल्या कौवा बिर्याणीच्या विनोदी प्रसंगामुळे माहीत आहे, पण ते २००४ साल. हा सिनेमा २००१चा. नसीरुद्दीननेच त्याचं नाव दिग्दर्शिका मीरा नायरला सुचवलं असं सांगतात. खरं असेल तर नसीरुद्दीनने या सिनेमात स्वतःच्या भूमिकेपेक्षा मोठं काम ते केलं. कानाला मोबाइल, तोंडाने पोरांवर ओरडणं, गिऱ्हाईक समोर आलं की आवाजाला एकदम तूप लावणं आणि पाठ फिरली की परत शिवी. हे कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत, त्याला चार लग्नसराया उन्हात काढाव्या लागतात. दुबेसारख्या झेंडूच्या पाकळ्या मात्र आमच्यात कोणी खात नाही. बोटांत कुस्करत हिशेब करणारे ढीगभर आहेत.

आता माझं दुखणं. आमचे दाजी निवृत्त मास्तर, सिनेमाचे भारी शौकीन. त्यांचं ठाम मत की दुबे म्हणजे नुसता विदूषक, खरा सिनेमा वर्मांच्या दिवाणखान्यात घडतो. टीव्हीवर हा सिनेमा लागला की ते माझ्याकडे बघून हसायचे, ‘आला बघ तुझा भाऊबंद.’ त्या हसण्यामागे एक जुनी भानगड आहे.

भाचीचं लग्न होतं, भर मे महिन्यात, गावाकडे. मांडव अर्थातच माझा. मी कच्चं बिल लिहून दिलं, त्यात ताडपत्रीचं भाडं वेगळं धरलेलं. दाजींनी खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली. म्हणाले, ‘घरचं कार्य आहे, आणि मे महिन्यात पाऊस कुठला रे?’ मी म्हटलं, ‘दाजी, वळीव पत्रिका वाचून येत नाही.’ ताई मध्ये पडली, ‘जाऊ दे रे, त्यांच्या मनासारखं होऊ दे.’ झालं. वर साधं कापड, कडेने झालर, बांबूला रंगीत फडकी. दिसायला एक नंबर.

अक्षतेच्या जरा आधी पश्चिमेकडून काळं आलं. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग गाराच. छताच्या कापडात पाणी साचून त्याची पोटं लोंबायला लागली. ते पाणी वेळीच काढलं नाही तर कापड टराटरा फाटतं आणि बांबूसकट सगळं खाली येतं. म्हणून पोरं बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून खालून एकेक पोट कडेला ढकलत होती, आणि ते गार पाणी बरोबर वऱ्हाडी पाहुण्यांच्या अंगावर. नवरा-नवरीच्या डोक्यावर चौघांनी सतरंजी धरली. भटजी थांबले नाहीत, त्यांना मुहूर्त गाठायचा होता. एक खांब हलला नाही, कारण आमच्या गाठी काथ्याच्या होत्या. काथ्या भिजला की आवळतो, नायलॉन भिजला की निसटतो. पण हे कोणाच्या लक्षात राहतं? लक्षात राहिलं एवढंच की मामाचा मांडव गळला. आजही कोणाच्या बारशाला गेलो तरी दाजी तेच सांगतात, आणि खोडलेल्या ओळीबद्दल चकार शब्द नाही.

आता सिनेमा बघा. दुबेचा पांढरा मांडव बघून नवरीचा बाप ललित वर्मा, म्हणजे नसीरुद्दीन, भडकतो. हे लग्न आहे की मयत, असा त्याचा सूर. पैशावरून दोघांची हुज्जत चालते. अगदी शेवटी पाऊस धो धो कोसळतो, सगळं घर भिजत नाचतं आणि मांडववाल्याला कोणी जाब विचारत नाही! उलट त्याला आणि त्याच्या नव्या बायकोला आत नाचायला बोलावतात. यात पंजाबी लोकांचा मोठेपणा किती आणि पटकथेचा किती ते मला ठरवता येत नाही, पण दाजींनी तो शेवट नीट बघावा असं मला फार वाटतं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. पटकथा सब्रिना धवनची. ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना मीरा नायर तिथे शिकवत होती, तिथली ही ओळख. कॅमेरा डेक्लन क्विनचा. हाच माणूस १९९५च्या ‘लीव्हिंग लास वेगास’चा आणि नायरच्याच ‘कामसूत्र’चा छायाचित्रकार. संकलन ॲलिसन जॉन्सन, संगीत मायकेल डॅना, कला स्टेफनी कॅरोल, कपडे अर्जुन भसीन, नाच फराह खान. कलाकार निवडणाऱ्यांत उमा दा कुन्हा आणि लवलीन टंडन होत्या. या लवलीनबाई पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या भारतातल्या सहदिग्दर्शक झाल्या.

पडद्यावर नवरी वसुंधरा दास, ह्यूस्टनहून आलेला नवरा परवीन डबास. नवरीकडच्या गोतावळ्यात कुलभूषण खरबंदा आणि कामिनी खन्ना, नवऱ्याचे आईवडील रोशन सेठ आणि सोनी राजदान. चुनरीच्या गाण्यावर नाचणारी आयेशा म्हणजे नेहा दुबे, लिलेट दुबेची खऱ्या आयुष्यातली मुलगी. तिच्यावर डोळा ठेवून असलेला ऑस्ट्रेलियाचा पोरगा रणदीप हुडा, त्याचा हा पहिला सिनेमा. दुबेच्या प्रेमातली मोलकरीण ॲलिस म्हणजे तिलोत्तमा शोम, तिचाही पहिलाच. मालकिणीचे दागिने आरशासमोर लावून बघते तो तिचा प्रसंग, आणि खिडकीबाहेरून बघणाऱ्या दुबेच्या पोरांना ती चोर वाटते तो क्षण, एवढ्यावरच हा सिनेमा मला पुरला असता.

गोतावळा सांभाळला कसा, तर चित्रीकरण जेमतेम महिन्याभरात उरकलं. सुपर १६ या अरुंद फिल्मवर, बराचसा कॅमेरा हातात धरून. कॅमेरा खांद्यावर असला की रूळ टाका, ट्रॉली ओढा ही कटकट वाचते आणि माणसं खोलीत मोकळी फिरतात. मीरा नायर १९८८च्या ‘सलाम बॉम्बे’आधी माहितीपट करायची. घाईगर्दीत कॅमेरा कुठे उभा करायचा हे तिला त्यातून आलेलं असणार. मुरलेल्या नटांमध्ये तिने नवखी आणि नात्यातली माणसंही मिसळली, त्यामुळे कोण नट आणि कोण पाहुणा हे लवकर कळत नाही. विमानतळावरच्या एक्स-रेमुळे चित्रित केलेली काही रिळं खराब झाली, तेवढे प्रसंग परत करावे लागले. मग व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन, म्हणजे तिथलं सर्वांत मोठं बक्षीस मिळालं, २००१ साली. भारतीय दिग्दर्शकाला ते त्याआधी एकदाच मिळालेलं, १९५७ला सत्यजित राय यांना ‘अपराजितो’साठी.

माझ्या मते मात्र हा सगळा प्रकार मांडव घालण्यासारखाच आहे. दिवस थोडे, पैसे मोजके, माणसं नात्यातली, आणि काम चोख झालं तर कोणाला दिसत नाही. श्रेयनामावली सुरू झाली की उठून चप्पल शोधणाऱ्यांना हे कसं समजणार? दाजी तर शेवटचं गाणं सुरू झालं की दिवा लावतात.

एक गोष्ट दाजींच्या बाजूची कबूल करतो, नाहीतर खाली कोणीतरी सुनावेलच. सिनेमाचा काळजाला हात घालणारा भाग दुबेचा नाही. तो ललितची पुतणी रिया हिचा आहे, म्हणजे शेफाली शाहचा. घरादाराला उपकारकर्ता वाटणारा तेज, म्हणजे रजत कपूर, लहानपणी तिच्याशी काय वागला होता ते ती भर लग्नघरात बोलते, आणि ललितला पैसेवाला पाहुणा की घरची पोर यात निवड करावी लागते. नसीरुद्दीन तिथे आवाज चढवत नाही, तरी अंगावर काटा येतो. विनोदी सिनेमा म्हणून लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर हे आधी माहीत असू द्या. पण म्हणून दुबे विदूषक ठरत नाही. वर्मांना आपली माणसं ओळखायला अख्खा सिनेमा लागतो. दुबेला ॲलिस एका नजरेत कळते, मध्ये पोरांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून तो थोडा घसरतो एवढंच.

आणि तुम्ही हे कोणाच्या लग्नाच्या तयारीत विचारत असाल, तर घासाघीस फुलांवर करा. मे महिन्यात झेंडू महागच असतो, कमानीला कापडी चालवून घ्या, फोटोत फरक कळत नाही. स्टेजवरचं झुंबर काढून टाका, ते कोणी बघत नाही. ताडपत्रीची ओळ मात्र खोडू नका, आणि मांडववाला सख्खा मेव्हणा असेल तर अजिबातच खोडू नका.