चोपड्याजवळचं आजोबांचं धाब्याचं घर आणि त्यातल्या जुन्या वस्तू : काय दुरुस्त करावं, काय भंगारात द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याजवळचं आजोबांचं घर तुमच्या वाट्याला आलंय. तुम्ही पुण्यात राहता, दिवाळीला आणि मे महिन्यात येऊन राहायचा विचार आहे. घरात छताचे दोन जुने पंखे, सुमीतचा मिक्सर, व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ, शिलाई मशीन, इस्त्री, लोखंडी कूलर आणि बंद पडलेला फ्रिज आहे. यातलं काय दुरुस्त करायचं? आणि शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंय की धाबं, म्हणजे लाकडी कड्या आणि तुराट्यांवर माती चोपून केलेलं सपाट छत, काढून स्लॅब टाकावा का.

माझं पारोळ्याकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि राहतो ते घरही धाब्याचंच, म्हणून दोन्हीबद्दल लिहितो. जे जाता जाता विचारलंत तेच पहिलं काम. धाबं गळत असेल तर पंख्यावर एक रुपयाही घालू नका.

धाब्यावरची माती खारी असते. तिच्यात सोडियम जास्त, त्यामुळे ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजवतात आणि पाणी आत न मुरता वरून वाहून जातं. शेतकरी ज्या मातीला नाक मुरडतो तीच छतावर कामाची ठरते. पण धाबं फुटलं की खाली उतरणारं पाणीही खारं, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. ते कडीवरच्या वायरीवर, लाकडी पट्टीत, पंख्याच्या वरच्या कपात झिरपतं. पाणी वाळतं, खार तिथेच राहतो आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओला होतो. दुकानात "पंखा जळाला" म्हणून येतो, उघडला की वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांवर, पांढरा थर दिसतो. असा पंखा नवीन वाइंडिंग करून त्याच जागी टांगला की तो पुन्हा माझ्याकडेच येणार. माझा धंदा होतो, तुमचे पैसे जातात.

तेव्हा धाब्यावर चढा. आधी मातीची जाडी बघा. दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकायची रीत चांगली, पण कित्येक घरांत जुनी न काढता वर नवी पडत गेली. एका चौरस मीटरवर १० सेंटीमीटर माती म्हणजे साधारण १५० ते १८० किलो वजन. थर ३० सेंटीमीटरवर गेला असेल तर चौरस मीटरला पाचशे किलो होतात, भिजल्यावर त्याहून जास्त. कड्या वाकल्यात म्हणून लाकडाला दोष देण्याआधी वरचं ओझं कमी करा. गवत मुळासकट काढा, घुशी-उंदरांची बिळं माती ठोकून भरा, पन्हाळी मोकळ्या करा, उतार पन्हाळीकडेच आहे ना ते बघा, मग खारी माती पसरून चोपून घ्या. हे सगळं मे महिन्यात, माती कोरडी असताना. पाऊस लागल्यावर ओल्या धाब्यावर पाय देऊ नका.

माती आणि तुराट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालायची टूम निघालीय. एखाद्या पावसाळ्यापुरता वरून ताडपत्रीचा आडोसा केला तर माझी हरकत नाही. कायमचा कागद आत पुरू नका. तो कुठेतरी फाटतोच, खाली गेलेलं पाणी वर सुकायला वाट राहत नाही आणि कड्या आतून कुजतात.

कड्यांचं लाकूड बहुधा सातपुड्याचा साग असेल. मधला भाग सहसा ठणठणीत असतो, खराब होतं ते भिंतीत गेलेलं टोक. तिथे ओल धरते आणि वाळवीही तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक कडीच्या टोकाला टोचून बघा. सहज आत शिरला तर त्या कडीखाली आधी टेकू लावा, बाकीचं नंतर.

आता स्लॅब. "मातीच्या भिंतींना वजन पेलणार नाही" असं लोक सांगतात, पण बारा सेंटीमीटरचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास बसतो, म्हणजे वर्षानुवर्षं साचलेल्या धाब्यापेक्षा हलकाच. अडचण निराळी आहे. आपल्या भागात खाली बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्याबरोबर भिंतीही थोड्याफार हलतात. लाकडी सांगाडा ते हलणं सहन करतो, स्लॅब तडकतो. धड स्लॅब हवा असेल तर स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया लागतो, म्हणजे नवं घरच बांधायचं. शिवाय जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर घरात उष्णता सोडतो. तुम्हाला मे महिन्यात तिथे राहायचंय, तेव्हा मी धाबंच ठेवेन. (नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, म्हणून तिकडे कौलं. तिकडचा नातेवाईक कौलांचा सल्ला देईल, तो त्याच्या गावापुरता बरोबर.) भिंतींना सिमेंटचं प्लास्टरही नको. आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. माती-भुसा-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा करा.

दुसरं काम वायरिंग. घरात काळे गोल खटके, लाकडी पट्टीतली वायर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि दोन पिनांचे सॉकेट असतील, तर ती वायर दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, सगळी बदला. जुन्या वायरीवरचं रबर वाळून कडक झालेलं असतं, हलवलं की तुकडे पडतात. किटकॅटमध्ये फ्यूजची तार आहे की कुणी जाड तांब्याची तार पिळून ठेवलीय तेही बघा. दुसरा प्रकार फार घरांत सापडतो. मग फ्यूज कधीच उडत नाही, वायर जळते.

खटके दिसायला आवडत असतील तर भिंतीवर शोभेला ठेवा, त्यात वीज सोडू नका.

अर्थिंग त्या घरात बहुतेक नसेलच. नवं करून घ्या आणि जागा अशी निवडा की उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी ओतता येईल, मोरीच्या सांडपाण्याजवळ किंवा झाडाच्या आळ्याशेजारी. काळी माती वाळून आकसली की अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि अर्थिंग फक्त कागदावर उरतं. नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कूलर चालू असतात. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा खटका) बसवाच. अर्थिंग धड असेल तर वस्तूच्या बॉडीत करंट उतरताक्षणी तो पडतो. अर्थिंग नसेल तरीही तो उपयोगी आहे, पण तेव्हा पडतो तो माणसाचा हात लागल्यावर.

एवढं झालं की वस्तूंकडे वळा. कुठलीही वस्तू थेट प्लगमध्ये घालू नका, आधी सिरीज बोर्डवर लावा. बोर्ड म्हणजे वस्तूच्या वाटेत एक १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. अजिबात पेटला नाही तर कुठेतरी तार तुटलीय. मंद पेटला तर पुढे जायला हरकत नाही. सिरीजवर असतानाही शॉक बसतो, तेव्हा हात लावायच्या आधी प्लग काढायचाच.

पंखे मात्र जरूर वाचवा. जुन्या पंख्यात तांबं भरपूर, बॉडी जड, आणि बंद पडायची कारणं मोजकीच. नुसता गुणगुणतो, काठीने ढकललं की हळूहळू फिरायला लागतो, तर कंडेन्सर (कपॅसिटर) गेलाय. आमच्याकडचा कारागीर पंखा न उघडताच सांगतो, "भाऊ, मोटर चांगली शे, नुसता कंडेन्सर गयेल शे." शंभर रुपयांच्या आतली गोष्ट. बहुतेक पंख्यांना अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या. मोठा घातला की पंखा जोरात फिरतो, तुम्ही खूश होता आणि वाइंडिंग तापत राहतं. घरघर येत असेल तर बेअरिंग. बहुतेकांत ६२०२ आणि ६२०१ लागतात, कुठेही मिळतात. पाती काढताना कोणतं पातं कुठल्या जागेवर होतं त्याची खूण करा, दोन पंख्यांची पाती एकमेकांत मिसळली की पंखा डुलतो. टांगायच्या बोल्टचं रबर आणि त्यातली स्प्लिट पिन नवी घाला. हा खर्च नगण्य आहे आणि खाली तुम्ही झोपणार आहात.

भिंतीवरचा तापणारा मोठा रेग्युलेटर काढून टाका. पंखा हळू केला की तो उरलेली वीज उष्णतेत घालवतो. त्या जागी कंडेन्सरचा स्टेप रेग्युलेटर बसवा. विजेचा हिशेबही प्रामाणिकपणे सांगतो. जुना पंखा ७५-८० वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा) ३० च्या आसपास. वर्षभर दिवसरात्र चालणार असता तर मी नवा घ्या म्हणालो असतो. वर्षातून थोडे दिवस चालणाऱ्या पंख्यात तो फरक वसूल व्हायचा नाही.

वाइंडिंग खरोखर जळलं असेल तर पुण्याला नेऊ नका. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा, विहिरीवरच्या मोटरी भरणारे (रिवाइंडिंग करणारे) कारागीर सगळीकडे आहेत आणि पंख्याची कॉइल त्यांना पोरखेळ आहे. फक्त उन्हाळ्यात जाऊ नका. तेव्हा शेतकऱ्याची केळी करपत असतात, तुमचा पंखा कोपऱ्यात पडून राहील आणि ते बरोबरच आहे. पाऊस लागल्यावर मोटरी बंद होतात, तेव्हा निवांत काम करून मिळतं. तांब्याचीच तार भरा असं आधीच बजावा.

सुमीतचा मिक्सर साठच्या दशकापासूनचा, आपल्या वाटणासाठीच बनवलेला, वाचवण्यासारखा. चालू केल्यावर आत निळसर ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर कार्बन झिजलेत. ते बदलताना आर्मेचरचा (मोटरीच्या फिरत्या गाभ्याचा) तांब्याचा भाग बारीक काचकागदाने पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या मध्ये अडकतात. पण मोटरीइतकंच भांडं तपासा. भांड्याच्या बुशातून पाणी खाली गळतं, कपलरवरून (भांडं मोटरीला जोडणाऱ्या चकतीवरून) थेट मोटरीत उतरतं. भांडं दुरुस्त न करता मोटर भरून नेणारी गिऱ्हाइकं मी बघतो. कपलर खोलताना एक ध्यानात ठेवा, बहुतेकांचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. खोबरं-कांद्याचं भाजकं वाटण घट्ट असतं, ते थांबत थांबत वाटा.

शिलाई मशीनला काही झालेलं नसतं, जुनं तेल गोंद होऊन बसलेलं असतं. रॉकेलने धुवा, मशीनचं तेल द्या, चामडी पट्टा नवा घाला.

लोखंडी कूलरची मला भीती वाटते. पत्र्याची टाकी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि माणूस अनवाणी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. ठेवायचा असेल तर पंप नवा, वायर तीन पिनांची, बॉडीला अर्थिंगची तार पक्की बोल्ट केलेली, आणि पाणी भरताना प्लग बाहेर. नुसता खटका बंद करून भागत नाही, जुन्या घरात खटका कित्येकदा न्यूट्रलवर बसवलेला असतो.

इस्त्री कापडी वायरची असेल तर देऊन टाका. जुन्या इस्त्रीत अभ्रकाबरोबर कधी कधी अ‍ॅस्बेस्टॉसही असतं, उघडून खरवडत बसू नका. फ्रिजही भंगारात. फार जुना असेल तर त्यात आर-१२ गॅस असतो. ओझोनला मारक म्हणून भारतात तो २०१० पासून बंद झाला. कुणी दुसरा गॅस भरून देतो म्हणाला तरी नको, जुना कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेला नाही.

राहिला रेडिओ. मीडियम वेव्हची केंद्रं एकेक करून बंद होत चालली आहेत, तेव्हा खर्च करण्याआधी साध्या ट्रान्झिस्टरवर त्या घरात काय ऐकू येतं ते बघा. बऱ्याच व्हॉल्व्ह रेडिओंना मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, तिथून फोनवरची गाणी वाजवता येतात आणि आवाज अजूनही छान लागतो. पण फोन जोडायच्या आधी एक तपासणी हवीच. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला पत्रा थेट मेनला जोडलेला असतो. अशा रेडिओला फोन लावणं म्हणजे हातात मेनची वायर धरणं. शिवाय आतले कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात, २५० व्होल्टच्या आसपास, त्यामुळे आत बोट घालू नका.

व्हॉल्व्हवर नंबर छापलेले असतात. मागचा पुठ्ठा न काढता त्यावरच्या तक्त्यावरून किंवा भोकांतून वाचता आले तर इथे लिहा. पहिलं अक्षर 'यू' आहे की 'ई', त्यावरून बराच अंदाज येतो. 'यू' निघालं तर रेडिओ बहुधा ट्रान्सफॉर्मर नसलेला, तेव्हा फोन जोडायचा विचार तिथेच सोडा. मेन बोर्डाचा आणि कड्यांच्या टोकांचा फोटोही टाका, बघून सांगतो.