म्हातारा कुत्रा मागच्या पायाने लंगडत असेल तर

वय झालंय, म्हणून सोडून देऊ नका. आधी तो बसतो कसा ते बघा. दुखरा पाय बाजूला टाकून बसत असेल तर गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडं जोडणाऱ्या चिवट पट्टीची) शंका घ्या. पंजा घासून नखं पुढून झिजली असतील तर दुखणं मणक्यातलंही असू शकतं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना गुडघा हाताने तपासायला सांगा, गरज पडल्यास भूल देऊन. आपली माणसांची दुखण्यावरची गोळी, आयब्रुफेन वगैरे, चुकूनही देऊ नका, पोटात जखमा होतात, किडनी जाते.

माझ्या कुत्रीला जरा बरं वाटलं तसा मी चेंडू टाकला आणि 6 आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. अजून सलतं ते. तुम्ही पट्ट्यावर 5-5 मिनिटं अगदी संथ चालवा. संथ चालताना तो पाय टेकवतो, पळताना उचलून धरतो.