बेस गिटार बोटांनी वाजवायची की पिकनं?

पिक, म्हणजे तार छेडायची छोटी कडक चकती, वापरणारा खरा बेसिस्ट नाही असं कुणीतरी तुला सांगितलंय ना, ते आधी डोक्यातनं काढ भावा. अमेरिकन बेसिस्ट कॅरल के यांनी साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ढिगानं रेकॉर्डिंग केली ती पिकनंच, आणि तिकडं मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन नुसत्या तर्जनीवर वाजवायचा, दोघंही लई मोठी माणसं.

फरक आवाजाचा आहे. बोट मऊ म्हणून स्वर गोल, भरदार येतो, पिक कडक म्हणून सुरुवातीचा टक्क स्पष्ट निघतो. आता आपल्या कोल्हापुरात गणपतीत उघड्यावर ऑर्केस्ट्रा असला, शेजारी ड्रम, ढोलकी, कीबोर्ड सगळं फुल्ल, तर त्या टक्कमुळंच बेस कळतो, नायतर नुसतं घुमत राहतं.

तरीपण सुरुवात बोटांनीच कर असं माझं मत. अंगठा पिकअपवर (तारांखालची आवाज पकडणारी पट्टी) टेकव, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं चालव, तार बाहेर ओढायची नाही, बोट तारेवरनं सरकून शेजारच्या जाड तारेवर येऊन थांबलं पाहिजे, म्हणजे ती तार पण गप्प राहते. ब्रिजकडं (तारा बॉडीवर अडकवलेल्या असतात तिकडं) वाजवलंस की आवाज टणक, नेककडं (लांब दांडीकडं) मऊ.

पिक घेशील तर पातळ नको, 1 मिलिमीटर किंवा त्याहून जाड घे. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी ठेवून बघ, असले आखूड गच्च ठोके येतात की नाद खुळा!

बोटाला फोड आला तर फोडू नको, बरा होईपर्यंत पिकनं सराव चालू ठेव.